वन ऑफ द बेस्ट

कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. महाराष्ट्रात तिच्याहून उंच शिखर नाही. एवढं सांगितलं की विषय संपला, असं कोणत्याही सरळ माणसाला वाटेल. इंग्रजी व्याकरणाला ते मंजूर नाही. तिथे कळसूबाई तीनदा उंच असावी लागते. आधी 'कळसूबाई इज द हायेस्ट पीक इन महाराष्ट्र'. मग 'कळसूबाई इज हायर दॅन एनी अदर पीक इन महाराष्ट्र'. आणि एवढ्यावरही कोणी हरकत घेतली असावी अशा थाटात, 'नो अदर पीक इन महाराष्ट्र इज ॲज हाय ॲज कळसूबाई'.

अकोले तालुक्यातल्या मराठी शाळेत इंग्रजी शिकवायचं म्हटल्यावर याशिवाय दुसरं उदाहरण घेणं म्हणजे गावाशी वैर. वर्गातली निम्मी पोरं नवरात्रात जत्रेला वर जाऊन आलेली असतात. काही तर बारीची, म्हणजे ऐन पायथ्याची. त्यांना उंची पायांनी माहीत आहे, 'ॲज-ॲज'नं नाही.

"सर," मागच्या बाकावरून एकजण उठला, "तीनदा लिहिलं की ती वाढती का?"

"नाही."

"मग?"

"एक मार्क मिळतो."

हे त्याला पटलं. मार्क हा आमच्या शाळेत एकमेव असा मुद्दा आहे की ज्याच्यावर पुढे चर्चा होत नाही.

खरी गंमत 'अदर'ची. 'एनी अदर'मधला 'अदर' लिहायचा राहिला, की कळसूबाई महाराष्ट्रातल्या कोणत्याही शिखरापेक्षा उंच होते. आणि ती स्वतःच महाराष्ट्रातलं शिखर असल्यामुळे स्वतःपेक्षाही उंच होते. हे मी फळ्यावर डोंगर काढून, बाण मारून, घसा कोरडा करून समजावलं. मग विचारलं, "आता सांगा, कोणी स्वतःपेक्षा उंच असू शकतं का?"

पहिल्या बाकावरची मुलगी शांतपणे म्हणाली, "ती देवी आहे, सर."

वर्ग माझ्याकडे बघायला लागला. मी डोंगर पुसला.

तसं २००० सालापासून आमच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. त्याआधी ते पाचवीत यायचं. त्यामुळे नववीत पोचेपर्यंत मुलांचा आणि इंग्रजीचा आठ वर्षांचा घरोबा झालेला असतो, आणि इतक्या घरोब्यानंतर जे होतं तेच झालेलं असतं. दोघंही एकमेकांकडे लक्ष देत नाहीत. अधूनमधून मात्र एखादा असं काही बोलून जातो की शिकवणाऱ्यानं खडू खाली ठेवावा. "सर, जत्रेत लिंबू सरबत पायथ्याला दहाला, शिड्यांपाशी वीसला आन् वर देवळापाशी तीसला. हीच ना डिग्री?"

हीच. पॉझिटिव्ह, कम्पॅरेटिव्ह, सुपरलेटिव्ह, आणि तीही चढणीच्या क्रमानं. इतकं लखलखीत उदाहरण रेन आणि मार्टिनच्या जाडजूड पुस्तकातही नाही. त्या जोडीतले पी. सी. रेन एके काळी मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते. पुढे १९२४ साली त्यांनी 'बो जेस्ट' नावाची कादंबरी लिहिली. फ्रेंचांची परदेशी फौज, वाळवंट, वेढा, तटावर उभी करून ठेवलेली प्रेतं. शिक्षण खात्यातला अनुभव माणसाला कुठे कामी येईल, सांगता येत नाही.

मुलांचा आवडता प्रकार म्हणजे 'मोस्ट हायेस्ट'. लाल पेनानं गोल करून करून माझी बोटं वाकडी झाली, पण 'मोस्ट' काही 'हायेस्ट'ला सोडत नाही. आता मला त्यामागचं कारण उमगलंय. या मुलांच्या घरी काळा रंग नुसता काळा नसतो, काळाकुट्ट असतो. पिवळा असेल तर धमक, हिरवा असेल तर गार, चिंच आंबटढाण, आमटी तिखटजाळ, आणि कारलं कडूजहर. प्रत्येक विशेषणाला सोबतीला एक हक्काचा माणूस दिलेला आहे. अशा भरल्या घरातून आलेल्या लेकराच्या हातावर आपण एक मरतुकडं 'ईएसटी' ठेवतो आणि म्हणतो, भागव. ते कसं भागवणार? ते शेजारचं 'मोस्ट' ओढून घेतं.

या 'मोस्ट'पायी मी एका मुलाचे बरेच मार्क कापले होते. तो पुढे संगमनेरला कॉलेजात गेला, तिथे त्याला 'ज्युलियस सीझर' लागलं, आणि दिवाळीच्या सुट्टीत तो पुस्तक घेऊनच माझ्या दारात उभा राहिला. सीझरच्या प्रेतापाशी अँटनी जे भाषण करतो, त्यात शेक्सपिअरनं 'मोस्ट' आणि 'एस्ट' एकाच विशेषणाला लावलेत. पोरानं त्या ओळीवर पेन्सिलीनं खूण केली होती.

"सर, याचे किती कापाल?"

"तो शेक्सपिअर आहे."

"आन् मी?"

मी त्याला चकली दिली. तोंड भरलेलं असलं की युक्तिवाद जरा मंदावतो.

व्याकरणातला सर्वांत दुःखी धडा 'टू'चा. त्या धड्यात काहीही धड होत नाही. चहा इतका गरम की पिता येत नाही. पेटी इतकी जड की उचलता येत नाही. गणित इतकं अवघड की सुटत नाही, आणि एक म्हातारा इतका अशक्त की त्याला चालता येत नाही. हा म्हातारा मी शाळेत होतो तेव्हाही अशक्तच होता. पिढ्या पास होऊन गेल्या, अभ्यासक्रम बदलले, पुस्तकांचे आकार बदलले, पण त्याला कोणी डॉक्टरकडे नेलं नाही. दरवर्षी बोर्डाच्या सूचनेबरहुकूम त्याचा 'टू' तेवढा काढतात आणि 'सो वीक दॅट ही कॅनॉट वॉक' करून परत तिथेच बसवतात.

त्या म्हाताऱ्याची मुलांना इतकी सवय झालीय की 'सो' आणि 'दॅट' एकत्र दिसले की हात आपोआप पुढचं लिहितो. एकानं निबंधात लिहिलं, 'माय फादर इज सो गुड दॅट ही कॅनॉट वॉक'.

"अरे, वडील चालतात ना तुझे?"

"चालतात की."

"मग हे काय?"

"सर, 'सो दॅट' आल्यावर 'कॅनॉट वॉक' येतंच."

पालकसभेला ते गृहस्थ वाडीवरून चांगले तासभर चालत आले. मी बोलताना सारखा त्यांच्या पायांकडे बघत होतो. शेवटी त्यांनी चपला आत घेतल्या.

जोर देण्यासाठी 'डू' वापरायचा, हा धडा मात्र एकाला नीट कळला. दुसऱ्या दिवशी त्याची चिठ्ठी आली, 'रिस्पेक्टेड सर, आय डिड हॅव फिव्हर यस्टरडे'. नुसतं 'आय हॅड' लिहिलं असतं तर मी कदाचित विश्वास ठेवला असता. ज्याला ताप येतो त्याला 'डिड' लागत नाही. शिवाय आदल्या दिवशी भंडारदऱ्याला अम्ब्रेला फॉलपाशी भजी खाताना मी त्याला या डोळ्यांनी पाहिलं होतं. शाळेच्या दिवशी मी तिथे कोणत्या रजेवर होतो, हा या लेखाचा विषय नाही. व्याकरण बिनचूक होतं म्हणून मी चिठ्ठी मंजूर केली. बाकीचा वर्ग जोर द्यायला 'डू'च्या वाटेलाच जात नाही. आपल्या 'च'चा बंदोबस्त त्यांनी आपापल्या पातळीवर करून टाकलाय. 'आय डिड होमवर्क ओन्ली' म्हणजे गृहपाठ केलाच. 'माय ब्रदर ओन्ली टोअर द बुक' म्हणजे भावानंच फाडलं. हेडमास्तरांसमोर इंग्रजी बोलायची पाळी आली की मीही 'ओन्ली'चाच आधार घेतो ओन्ली.

माझ्या विषयाला शाळेत सर्वांत मोठा विरोध गणिताच्या सरांचा. "तीन-तीन वाक्यं कशाला घालवता?" ते म्हणतात. "आमच्यात एक खूण असते. चोच ज्याच्याकडे तो लहान." त्यांचं आणि माझं नातं तुलनेवरच उभं आहे. आम्ही दोघं एकाच दिवशी रुजू झालो. खासगी शाळांच्या सेवाशर्तींची १९८१ ची नियमावली आहे, तिला अनुसूची 'फ' आहे, आणि तिच्यात सेवाज्येष्ठता कशी लावायची ते दिलंय. रुजू होण्याची तारीख एकच असेल तर वयानं मोठा तो ज्येष्ठ. हे माझ्याहून आठवड्याभरानं मोठे. त्यांच्या आईला जरा उशीर झाला असता तर आज मी ज्येष्ठ असतो. पण अनुसूची 'फ'मध्ये अशा गोष्टींना जागा नाही.

वर्षातून एकदा ज्येष्ठता यादी सहीला फिरते. त्या दिवशी ते माझ्याशी हटकून इंग्रजीत बोलतात.

"सर, आय ॲम सीनियर दॅन यू."

"सीनियरला 'दॅन' लागत नाही. 'टू' लागतं. सीनियर टू मी."

"बघा, तुम्हीच म्हणालात. खिडकीजवळची खुर्ची माझी."

व्याकरण माझं, खुर्ची त्यांची. पंख्याखालीही तेच.

पालकांना डिग्री शिकवायची गरजच पडत नाही, ते तिच्यातच राहतात. पालकसभेला एकजण आले, म्हणाले, "कसं काय पोरगं?"

"चांगलं आहे. इंग्रजीत ६१ मार्क आहेत."

"ते ऱ्हाऊ द्या. आमच्या भावकीतला तो बसतो ना शेजारी, त्याला किती?"

"५२."

गडी असा खुलला की मला वाटलं आता पेढे काढतो. "हुशार आहेच हो आमचा," म्हणत उठला, दारापर्यंत गेला आणि परत आला. "पहिला कोण आला?"

"सरपंचांचा. ८८."

"मग हा दिवसभर करतो काय शाळेत?"

दोन मिनिटांत ते पोरगं हुशार झालं आणि वाया गेलं. ६१ जागचे हललेसुद्धा नव्हते.

मला हसायचा काही अधिकार नाही, कारण माझ्या नशिबी साडू आहे. देवानं कम्पॅरेटिव्ह डिग्री निर्माण केली आणि मग ती माणसांना कळावी म्हणून साडू निर्माण केला. माझा नाशिकला असतो. वाईट माणूस असता तर निभावलं असतं, पण तो सर्व बाजूंनी बरा आहे.

"भावोजी घरातली भाजी स्वतः आणतात," बायको म्हणते.

"मीपण आणतो."

"ते ताजी आणतात."

मी गप्प. पुढच्या रविवारी भल्या पहाटे उठून, शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन, दव पडलेली मेथी घेऊन आलो. तिनं जुडी उलटीपालटी करून पाहिली. "छान आहे हो. भावोजी निवडूनसुद्धा देतात." आता मी निवडायला बसलो तर तो आणखी कुठेतरी पुढे गेलेला असणार. 'नो अदर' होण्याची माझी महत्त्वाकांक्षा कधीच नव्हती. मला 'ॲज फ्रेश ॲज' चाललं असतं.

पण या सगळ्या शिकवण्याची खरी परीक्षा आमच्या पर्यवेक्षक सरांच्या निरोप समारंभात झाली. आमच्या भागात कौतुक करायचं म्हणजे वरच्या पट्टीत. चौकातल्या फ्लेक्सवर एकाच वेळी तीन कार्यसम्राट हात जोडून उभे असतात आणि एकमेकांच्या साम्राज्याला त्यांची काही हरकत नसते. अशा वातावरणात संस्थेच्या अध्यक्षांची इच्छा झाली, की मानपत्राच्या शेवटी एक ओळ इंग्रजीत असावी. जबाबदारी माझ्यावर. मी तोलूनमापून लिहिलं, 'ही इज वन ऑफ द बेस्ट टीचर्स इन अवर स्कूल'. फ्रेम झाली. शाल पांघरली, नारळ हातात दिला, मी माइकवरून ओळ वाचली. टाळ्या पडल्या. सर उभे होते ते तसेच उभे राहिले.

"वन ऑफ द?" ते म्हणाले.

"हो, सर."

"म्हणजे आणखी आहेत?"

"तशी इंग्रजीत पद्धत आहे, सर."

"कोण कोण आहेत?"

त्यांच्या मिसेसनी पदराआडून "अहो, जाऊ द्या ना" केलं. पण छत्तीस वर्षं पर्यवेक्षण केलेला माणूस, तो कसला जाऊ देतोय! त्यांनी नजर स्टाफवरून सावकाश फिरवली, जशी कॉपी करणारा शोधताना फिरवायचे तशी. स्टाफ खाली बघायला लागला. अध्यक्षांनी मला खूण केली, आटपा.

मी माइक धरला आणि डिग्री बदलली. "सर, खरं तर म्हणायचं होतं, नो अदर टीचर इन अवर स्कूल इज ॲज गुड ॲज यू."

सर खुलले. नारळ त्यांनी या हातातून त्या हातात घेतला. पण आता मागच्या रांगेतून खुर्च्या सरकल्याचे आवाज यायला लागले.

"नो अदर?" मराठीच्या मॅडम म्हणाल्या. "म्हणजे आम्ही इतकी वर्षं काय वर्ग झाडले?"

"मॅडम, ते आपलं निरोपापुरतं."

"मग माझ्या निरोपाला काय म्हणणार? 'नो अदर' तर वापरून झालं."

हा मुद्दा बिनतोड होता. गणिताच्या सरांनी लगेच हिशेब केला की निवृत्तीला बारा जण बाकी आहेत आणि 'नो अदर' एकदाच देता येतो. चिवडा-बर्फीच्या प्लेटा तयार होत्या, पण कोणी हात लावेना. तेव्हा मला अचानक वाचवलं ते पुस्तकातल्या सर्वांत दुर्लक्षित वाक्यानं. 'वन ऑफ द'ची कम्पॅरेटिव्ह करताना जे येतं, ते. मी म्हणालो, "सर इज बेटर दॅन मोस्ट अदर टीचर्स इन अवर स्कूल."

सभागृहात शांतता पसरली. प्रत्येकजण मनातल्या मनात वाक्य लावत होता. 'मोस्ट' म्हणजे बहुतेक. बहुतेकांपेक्षा सर चांगले, पण सगळ्यांपेक्षा नव्हेत. म्हणजे एखाद-दोघं सरांच्या बरोबरीचे किंवा वरचढ शिल्लक राहतात. ते कोण, हे प्रत्येकाला तत्क्षणी कळलं. मराठीच्या मॅडम पदर सावरून हसल्या. पीटीच्या सरांनी छाती काढली. शिपाईमामासुद्धा, ज्यांचा यात हिशेब धरलेलाच नव्हता, समाधानानं मान हलवत बर्फी वाटू लागले. सरांना मात्र 'बेटर' एवढंच ऐकू गेलं होतं. त्यांनी मला पोटाशी धरलं. नारळ माझ्या बरगडीत घुसला.

गणिताचे सर प्लेट घेऊन माझ्याजवळ आले आणि कानाशी लागले. "धन्यवाद. पण माझं नाव सरळ घेतलं असतं तरी चाललं असतं."

"मी तुमच्याबद्दल बोलत नव्हतो."

"असू द्या, असू द्या. लोकांसमोर अवघड जातं, मला कळतं."

मार्चअखेरीला गोपनीय अहवाल येतात. शासकीय नमुन्यातली प्रतवारी आमच्या संस्थेनंही उचललीय. सर्वांत वर 'अत्युत्कृष्ट', मग 'उत्कृष्ट', मग 'निश्चित चांगला', मग नुसता 'चांगला', त्याखाली 'साधारण'. डिग्री तीनच असतात असं आयुष्यभर शिकवणाऱ्या माणसाला ही पाचमजली इमारत पाहूनच चक्कर येते. आमच्या ऑफिसातल्या भाऊसाहेबांनी माझा कागद पुढे सरकवला. 'निश्चित चांगला'.

"भाऊसाहेब, हे निश्चित म्हणजे काय?"

"म्हणजे चांगलेच आहात. शंका नाही."

"आणि नुसता चांगला?"

"त्याच्यात थोडी शंका असती. तो ब. तुम्ही ब अधिक."

शंका नसण्याचा सरकारी अधिक मला मिळाला होता. मी सही केली, पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. मग सहज, अगदी सहज, विचारलं, "आणि गणिताच्या सरांना?"

"ते गोपनीय असतं, सर."

मी दोन चहा सांगितले. पहिल्या घोटाला भाऊसाहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. दुसऱ्या घोटाला कपाटाकडे पाहिलं. तिसऱ्या घोटानंतर आवाज खाली आणून, माझ्या विषयाचा मान राखत, इंग्रजीत म्हणाले, "सेम टू यू, सर."

म्हणजे ॲज गुड ॲज? तो? चोच दाखवणारा? माझ्याइतकाच? मी चहा अर्धा टाकून उठलो. भाऊसाहेबांनी तो आपल्या कपात ओतून घेतला.